भिंतीवरचे चित्र आणि पायाखालची जमीन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जमीन-संवर्धनाच्या साहाय्यार्थ स्वयंसेवकांनी भरविलेल्या चित्रप्रदर्शनाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



चित्रप्रदर्शनाच्या समारोपाला कोणी नामवंत चित्रकार किंवा कलासमीक्षक बोलवावा, हा रिवाज आहे. तो मोडून कार्यकारिणीने माझ्यासारख्या जुन्या खजिनदाराला येथे उभे केले, याचे कारण मला प्रथम कळेना. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच संपला. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी मी काढलेली गाय पाहून आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी, "टेबल बरे आहे, पण त्याला शेपूट कशाला?" असे विचारले होते. त्यानंतर मी रंगांना हात लावला नाही आणि रंगांनीही मला त्रास दिला नाही.

पण आता माझ्या ध्यानात आले आहे की, कार्यकारिणीचा हेतू निराळा असावा. या प्रदर्शनाचा ठराव गेल्या वर्षी सभेपुढे आला, तेव्हा विरोधात दोन हात वर झाले होते. त्यांतला एक चर्चेनंतर खाली आला. जो शेवटपर्यंत वर राहिला, तो माझा होता. तेव्हा ज्याने विरोध केला, त्याच्याच तोंडून समारोप ऐकावा, असा हा गोड सूड असणार. मी तो आनंदाने स्वीकारतो; कारण मला आज एक कबुली द्यावयाची आहे आणि ती देण्यास याहून योग्य जागा नाही.

प्रथम माझ्या विरोधाचे कारण सांगतो. ते अगदीच क्षुद्र नव्हते. आपल्या या सभागृहाचे छप्पर गेली तीन वर्षे गळते आहे, हे आपण सर्व जाणता. इमारत निधीत पैसा अपुरा आहे. अशा स्थितीत सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जो पैसा गोळा होईल, तो शहराबाहेरच्या कोणा गावच्या माळासाठी आणि तळ्यासाठी द्यावा, ही कल्पना मला विचित्र वाटली. "घराचे छप्पर गळते आहे आणि आपण रानावर छत्री धरायला निघालो आहोत," असे मी सभेत म्हणालो. त्यावर बरेच जण हसले, आणि मला वाटले, आपण जिंकलो. पण मतदानात हरलो. हशा आणि मते या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे खजिनदाराला तरी कळावयास हवे होते.

माझा दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. आपण येथे मराठी माणसे म्हणून एकत्र आलो. पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके, मुलांची मराठी शाळा, ग्रंथालय हे सारे आपण आपली भाषा व आपले संस्कार टिकावेत म्हणून केले. येथील जमीन येथील लोकांनी सांभाळावी. आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या परसात कुदळ मारू नये, असे माझे म्हणणे होते.

ठराव संमत झाल्यावर लोकशाहीच्या नियमाप्रमाणे हिशेबाचे काम माझ्याकडेच आले. गेला आठवडाभर मी दारापाशी टेबल टाकून पावत्या फाडीत बसलो होतो, आणि त्यामुळे हे प्रदर्शन कसे उभे राहिले, ते मी फार जवळून पाहिले. त्याविषयी थोडे सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण ज्यांनी हे केले त्यांतले कोणीही स्वतःहून बोलणार नाही.

या प्रदर्शनात चौऱ्याऐंशी चित्रे होती. ती मांडण्यासाठी एकही पगारी माणूस नव्हता. आपल्यातले एक निवृत्त अभियंते शिडीवर चढून दिव्यांची तोंडे फिरवीत होते. चित्राच्या काचेवर उजेडाचा डाग पडू नये, यासाठी त्यांनी एका संध्याकाळी एकच दिवा अकरा वेळा हलविला. प्रत्येक चित्राचा मध्य एकाच उंचीवर यावा म्हणून भिंतीवर दोरा धरून खुणा करण्याचे काम आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी केले. महिला शाखेने चहा दिला, शिवाय चित्रांमागची माहितीपत्रे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत हाताने लिहून काढली. चित्रकारांनी निम्मी किंमत स्वतःकडे व निम्मी निधीसाठी असा करार केला होता. तो करार मला पसंत पडला. कलावंताकडून सर्वच फुकट मागणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. त्याच्या रंगांना, कागदाला आणि श्रमाला पैसे पडतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पहिल्या दिवशी पाऊस आला आणि नेहमीप्रमाणे उत्तरेच्या भिंतीपाशी छप्पर गळू लागले. आम्ही तेथे एक बादली ठेवली. एक तरुण दांपत्य त्या बादलीपुढे बराच वेळ विचारमग्न उभे राहिले आणि मग माझ्यापाशी येऊन त्यांनी तिची किंमत विचारली. नवकलेचा काळ आहे. मी त्यांना दोष देत नाही. इमारत निधीसाठी ती बादली विकून टाकावी, असा मोह मात्र मला क्षणभर झाला.

मित्रहो, चित्रकलेच्या बळावर जमीन राखण्याची ही कल्पना आपल्या मंडळाने शोधून काढलेली नाही. पावत्या फाडता फाडता मोकळा वेळ मिळे, त्यात मी याविषयी वाचू लागलो. पॅरिसजवळ फाँतेनब्लो नावाचे अरण्य आहे. तेथे बार्बिझाँ या खेड्यात राहून काही चित्रकार निसर्गचित्रे काढीत. जुने ओक वृक्ष तोडून त्या जागी इमारती लाकडाची लागवड होऊ लागली, तेव्हा थिओडोर रूसो या चित्रकाराच्या पुढाकाराने त्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे घातले. परिणामी १८६१ साली सुमारे अकराशे हेक्टर अरण्य केवळ त्याच्या सौंदर्यासाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. अमेरिकेतील यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७२ साली झाले. आणि तेथेही टॉमस मोरान या चित्रकाराच्या जलरंगांनी, त्या प्रदेशाचे कधी दर्शन न घडलेल्या प्रतिनिधींचे मन वळविण्यात मोठी कामगिरी बजावली.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटली, कारण तिच्यात रकमा लहान आहेत. पीटर नावाच्या सशाची गोष्ट आपल्या नातवंडांच्या कपाटात असेल. ती लिहिणाऱ्या व तिची चित्रे काढणाऱ्या बीट्रिक्स पॉटर या बाई इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात शेती करून राहिल्या होत्या. १९२७ साली विंडरमियर सरोवराच्या काठची एक पट्टी बांधकामासाठी जाण्याची भीती निर्माण झाली. ती विकत घेऊन राखण्यासाठी नॅशनल ट्रस्ट या संस्थेने वर्गणी सुरू केली होती. बाईंनी आपल्या हाताने पन्नास चित्रे काढली, त्यांवर सह्या केल्या आणि ती अमेरिकेत बॉस्टनला पाठविली. बालवाङ्मयाला वाहिलेल्या तेथील एका नियतकालिकाच्या वाचकांनी ती प्रत्येकी पाच डॉलरला घेतली. ज्यांनी ते सरोवर पाहिले नव्हते आणि बहुधा पाहणारही नव्हते, अशा माणसांनी समुद्रापलीकडून त्याचा काठ राखण्यास हातभार लावला. पुढे १९४३ साली बाई निवर्तल्या, तेव्हा त्यांनी चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि तिच्यावरची शेतघरे त्याच संस्थेला मृत्युपत्राने देऊन टाकली.

आणि ही केवळ परदेशची नवलाई आहे, असेही नाही. २०१० साली लंडनच्या रस्त्यांवर आणि चौकांत चित्रकारांनी रंगविलेले अडीचशेच्या आसपास हत्ती उभे करण्यात आले व नंतर त्यांचा लिलाव झाला. ज्या संस्थेसाठी हे झाले, तिने आपल्या शेजारच्या वायनाडमध्ये तिरुनेल्ली ते कुद्रकोट हा हत्तींचा जुना मार्ग मोकळा करण्याच्या कामालाही साहाय्य केले. तेथे वाटेत आलेली शेते व घरे मोबदला देऊन घेण्यात आली, कुटुंबांचे अन्यत्र पुनर्वसन झाले आणि ती जमीन केरळच्या वनखात्याच्या स्वाधीन करण्यात आली. चित्र लंडनमध्ये विकले गेले, आणि हत्ती वायनाडमध्ये निर्वेध चालू लागला. २०२१ साली त्याच लंडन शहरात पुन्हा हत्ती आले. ते निलगिरीतील आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांचे विणले होते. आपण ज्या झुडपाला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो, ते शोभेचे म्हणून परदेशातून येथे आणले गेले आणि त्याने आपली राने गिळली. तेच झुडूप उपटून त्याचा हत्ती करावा आणि त्या हत्तीने रानासाठी पैसा मिळवावा, यापेक्षा चोख हिशेब मी तरी पाहिलेला नाही.

आता आपल्या या शहराकडे वळू. बंगळूरला मोठी नदी नाही. येथील पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरच्या तळ्याच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जावे, अशी ती रचना होती. मी १९७४ साली येथे नोकरीसाठी आलो आणि ज्या मध्यवर्ती बसस्थानकावर ट्रंक घेऊन उतरलो, ते धर्मांबुधी तळ्याच्या पोटात आहे, हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. ज्या कंठीरव क्रीडांगणावर आपण सामने पाहिले, तेथे संपंगी तळे होते. शहराच्या उत्तर दिशेला हेसरघट्टा येथे मोठा जलाशय आहे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला नळाचे पाणी प्रथम तेथून मिळू लागले. त्याच्याभोवतीचा गवताळ माळ कागदोपत्री ओसाड, म्हणून तेथे चित्रनगरी उभारण्याच्या योजना वेळोवेळी निघाल्या. पक्षी पाहणारे, छायाचित्रे काढणारे आणि सामान्य नागरिक यांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली, आणि अखेर २०२४ साली राज्याच्या वन्यजीव मंडळाने तो प्रदेश राखीव करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपण सर्वजण टँकरच्या रांगेत उभे होतो, हे मी स्मरण देण्याची गरज नाही.

कनकपुरा रस्त्यावरील तातगुणीची इस्टेट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक आणि त्यांच्या पत्नी, आपल्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी, तेथे राहत. चारशे अडुसष्ट एकरांची ती जमीन. १९९३ साली रोरिक व १९९४ साली देविकाराणी गेल्या, आणि तिच्यावरून वाद सुरू झाले. राज्याने १९९६ साली खास कायदा करून ती ताब्यात घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले आणि २०११ साली तो कायदा वैध ठरला. चित्रकाराची जमीन देखील आपोआप राहत नाही. तिच्यासाठी कोणाला तरी पंधरा वर्षे कागद सांभाळावे लागतात.

आपण ज्या गावच्या तळ्यासाठी आणि माळासाठी हे प्रदर्शन भरविले, त्या गावाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. नाव छापून आले की भाव वाढतो, असा या शहराचा अनुभव आहे. एवढेच सांगतो की, तेथे एक तळे आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला गोमाळ, म्हणजे आपण ज्याला गायरान म्हणतो ते आहे. गायरान हे कोणा एकाचे नसते, म्हणून ते प्रत्येकाला आपले वाटते, आणि म्हणूनच ते प्रथम नाहीसे होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्यात गावांच्या अशा सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. निर्देश आहे, परंतु हद्द कोठे आहे, हे दाखविणारे दगडच जागेवर नसतील तर निर्देशाने काय करावे? जमीन राखावयाची म्हणजे प्रथम ती मोजावी लागते. मोजणीची फी, हद्दीचे दगड, घाणेरी उपटण्याची मजुरी, राखणदाराचे वेतन, असल्या नीरस गोष्टींत आपला पैसा जाणार आहे. ग्रामस्थांची व शहरातील काही निवृत्त आणि तरुण मंडळींची जी समिती हे काम करते, तिने तसा लेखी तपशील आपल्याला दिला आहे. तो मी खजिनदाराच्या नजरेने तपासला आहे.

आता माझ्या कबुलीकडे येतो.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गावचे एक वृद्ध शेतकरी येथे आले. समितीच्या तरुणांनी त्यांना आणले होते. ते एकेक चित्र पाहत पुढे गेले आणि त्यांच्या तळ्याच्या चित्रापाशी थांबले. बराच वेळ पाहून त्यांनी चित्रकर्त्या मुलीला बोलावले आणि कन्नडमध्ये सांगितले, "ही पायवाट काढली आहेस ना, ती पायवाट नाही. तो सांडवा आहे. पुष्कळ वर्षांत त्यावरून पाणी गेले नाही, म्हणून माणसे त्यावरून चालतात." त्या मुलीचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुझी चूक नाही. तू जे पाहिलेस ते काढलेस."

मग ते माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी चित्राची किंमत विचारली. ती सहा हजार होती. ते हसले, खिशातून पन्नासाची नोट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि पावती नको म्हणाले. मी नियमाप्रमाणे पावती फाडली. ती लिहीत असता त्यांनी मला सहज विचारले, "निम्म ऊरु यावुदु?" तुमचे गाव कोणते?

पन्नास वर्षे मी या शहरात आहे. माझी नोकरी येथे झाली, मुले येथे वाढली, पत्नीला येथेच अग्नी दिला. तरीही या प्रश्नाला माझ्या तोंडून उत्तर आले ते सातारा जिल्ह्यातील माझ्या गावाचे. ते म्हणाले, "तेथे जमीन आहे का?"

मी म्हणालो, "होती. विकली."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी मान हलविली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि ते गेले. त्यांना त्यात दोष द्यावयाचा नव्हता. विकणारी माणसे त्यांनी आपल्या गावात पुष्कळ पाहिली असतील. पण माझे पुढच्या तीन पावत्यांचे हिशेब चुकले, आणि ते मला रात्री पुन्हा करावे लागले.

वडिलांच्या माघारी माझ्या वाट्याला डोंगराच्या पोटाशी तीन एकर आले होते. त्यांतले दीड एकर खडकाळ. तेथे गवत, करवंदीच्या जाळ्या आणि एक जुना ऐन. गावी जाणे वर्षातून एकदा, पुढे दोन-तीन वर्षांतून एकदा होऊ लागले. १९९६ साली मी ती जमीन विकली आणि त्या पैशांत भर घालून येथे घर घेतले. त्यात काही गैर आहे असे तेव्हा वाटले नाही आणि गरजेपोटी विकणाऱ्याला आजही मी दोष देणार नाही. पुढे कळले की, तेथे खडीची खाण झाली. मी ती पाहावयास गेलो नाही. आणि ज्या घरासाठी मी ती विकली, त्या घरात २०१७ सालच्या पावसात गुडघाभर पाणी शिरले. शेजारच्या जुन्या रहिवाशाने सांगितले की, आमची वसाहत ज्या सखल जागी आहे, ते एके काळी तळे होते. म्हणजे मी एक डोंगर विकला आणि एक तळे विकत घेतले. दोन्ही माझ्या हातून गेले, आणि दोन्ही वेळा सारे कागद अगदी बिनचूक होते.

आपण पाहुणे आहोत, असे मी सभेत म्हणालो होतो. बंधुभगिनींनो, ज्याला मागे परतावयास जमीन उरली नाही, त्याने कोणत्या तोंडाने स्वतःला पाहुणा म्हणवावे? ज्या तळ्याच्या पोटात मी झोपतो, ते तळे परके कसे?

या शहराचा आणि आपला संबंध पन्नास वर्षांचा नाही. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला स्थिर झाले, तेव्हा दूर राहून हे शहर सांभाळणे त्यांना अवघड झाले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी त्याच्या विक्रीची बोलणी चालली. सौदा पुरा होण्याआधीच मोगलांनी शहर घेतले आणि तीन लाख रुपयांत तेच म्हैसूरकरांच्या हवाली केले. हा इतिहास मी अनेकदा अभिमानाने सांगत आलो आहे. पण त्याचा अर्थ मला या आठवड्यात उमगला. जी जमीन दुरून सांभाळावी लागते, ती एक दिवस विक्रीला निघते. राजाची असो वा माझी असो, तिचा नियम एकच.

मग आपल्या संस्कारांत याला काही उत्तर आहे काय? आहे. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत गावोगाव देवराया आहेत. १९७०च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी त्या हिंडून पाहिल्या आणि त्यांत टिकून राहिलेल्या वृक्षांची शास्त्रीय नोंद केली. देवराई राखणाऱ्या माणसाने ती विकत घेतलेली नसते आणि तिच्यातून त्याला काही विकताही येत नाही. "ही माझी नाही" एवढ्याच विचाराने ती शेकडो वर्षे टिकली. "माझी आहे" म्हणणाऱ्याच्या जमिनीचे काय होते, ते मी सांगितलेच. तेव्हा भाषा आणि संस्कार टिकविण्यासाठी आपण मंडळ चालवितो हे खरे असेल, तर या शहराच्या एका गायरानासाठी हद्दीचे दगड बसविणे हेही मंडळाचेच काम आहे, असे आता मला वाटते. आपली मुले येथे मराठी बोलतील की नाही, याची चिंता आपण पन्नास वर्षे केली. ती येथे पाणी काय पितील, याचीही चिंता थोडी करू.

आता हिशेब. तो दिल्याखेरीज मी बसणार नाही. चौऱ्याऐंशी चित्रांपैकी एक्कावन्न चित्रे विकली गेली. त्यांची एकूण रक्कम ४,६८,००० रुपये. कराराप्रमाणे निम्मे, म्हणजे २,३४,००० रुपये, चित्रकारांचे. त्यांपैकी काही चित्रकारांनी आपल्या वाट्यातले मिळून ६१,००० रुपये आपण होऊन परत केले. मी कोणाकडे मागितले नव्हते, हे नमूद करतो. विक्रीतून निधीला याप्रमाणे २,९५,००० रुपये मिळाले. देणग्यांचे २७,४५० रुपये, त्यांत त्या पन्नासाचाही समावेश आहे. एकूण ३,२२,४५० रुपये. चौकटी, दोरा, दिवे, छपाई आणि चहा यांचा खर्च सभासदांनी स्वतंत्र वर्गणीतून केला असल्यामुळे या रकमेतून एक पैसाही वजा झालेला नाही. या पैशांत शहराच्या त्या बाजूला एक गुंठाही विकत मिळेल असे कोणी समजू नये. पण एक राखणदार वर्षभर उभा राहील, मोजणी होईल आणि दगड बसतील.

ते तळ्याचे चित्र कोणी घेतले, असे काहींनी मला विचारले. ते विकले गेले नाही. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी ते भिंतीवरून उतरवून घेतले होते. पावसाळा संपल्यावर गावात जाऊन सांडवा नीट पाहून ती ते पुन्हा काढणार आहे. मी तिला म्हटले, "पाणी वाहताना दिसले तरच पाणी काढ." ती म्हणाली, "काका, तुम्हीही या." मी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी नावे कार्यवाहांकडे द्यावीत. हद्दीचे दगड बसतील त्या दिवशीच जाण्याचे ठरले आहे. दगड उचलण्याचे माझे वय राहिले नाही, पण ते मोजण्याचे आहे.

राहता राहिले आपले छप्पर. त्यासाठी पुढील सभेत मी स्वतः ठराव मांडणार आहे, आणि त्या वेळी ज्यांनी ज्यांनी गेल्या वर्षी माझ्याविरुद्ध हात वर केले होते, त्यांनी या खेपेस ते माझ्या बाजूने, आणि शक्य तर खिशातून बाहेर काढून वर करावेत, अशी माझी विनंती आहे. तोवर बादली जागेवर आहे.